पाठीचं माप

मागच्या वर्षी धाकट्या मुलीचा निकाह ठरला, तेव्हा घरच्यांनी मला जाकीट शिवून घ्यायला लावलं. तयार जाकिटं रत्नागिरीच्या बाजारात हवी तेवढी मिळतात. पण शिंप्याच्या मुलाने मुलीच्या निकाहाला तयार कपडा घालून उभं राहावं, हे मनाला पटेना. म्हणून अब्बांच्या दुकानात गेलो. आता ते दुकान अब्बांचं राहिलेलं नाही. काज-बटणापासून त्यांच्या हाताखाली शिकलेला त्यांचा शागीर्द ते चालवतो. वयाने माझ्याएवढाच. लहानपणी आम्ही दोघं त्या दुकानाच्या फळीवर बसून चिंध्या निवडायचो.

त्याने गळ्यातली टेप काढली. छाती, कंबर, शोल्डर, बाही. मग मानेखालच्या वर आलेल्या मणक्यापासून पाठीची लांबी घेतली. मग पुढची घेतली. मग पुन्हा एकदा पाठीची घेतली. बोलला काही नाही. वहीत लिहिलं आणि वही फिरवून ठेवली. शिंप्याची पोरं उलटी वही वाचायला लवकर शिकतात. मी वाचलं : 'पाठ पाऊण जास्त.'

दुसऱ्या गिऱ्हाईकाला त्यातून काही कळलं नसतं. मला कळलं. माणूस सरळ उभा असला की त्याच्या पुढच्या आणि मागच्या मापाचा एक ठरलेला हिशेब असतो. पाठीला पोक आलं की पाठ लांब होते आणि पुढची बाजू आखूड. अशा माणसाला नेहमीच्या मापाने कोट शिवला तर तो मागून वर उचलला जातो, पुढून लोंबतो आणि कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. म्हणून चांगला शिंपी न बोलता पाठीचा तुकडा वाढवतो, पुढचा कमी करतो. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, काय फिट बसलाय! आपली पाठ वाकली आहे हे त्याला कधी कळतच नाही. अब्बा म्हणायचे, "गिऱ्हाईकाचं व्यंग शिंप्याच्या पोटात राहायला हवं."

माझं व्यंग आता माझ्या बालमित्राच्या पोटात गेलं होतं. पाऊण इंच.

अब्बांना स्वतःला मोठं पोक होतं. चाळीस वर्षं पायमशीनवर बसले. डोळे सुईवर, मान पुढे, खांदे पुढे, दोन्ही हात पुढे. त्या मशीनने आम्हा चार भावंडांना शिकवलं, दोन बहिणींचे निकाह लावले. अब्बा गेले तेव्हा गुसलच्या वेळी मी आत होतो. त्यांना तख्त्यावर उताणं ठेवलं, पण डोकं तख्त्याला टेकेना. पाठ इतकी गोल झाली होती की मान अधांतरी राहिली. गुसल देणारे बुजुर्ग क्षणभर थांबले. मग त्यांनी एका पंचाची घडी करून डोक्याखाली ठेवली आणि काम पुढे सुरू केलं. त्यांनी असं बऱ्याचदा केलेलं असणार. मी मात्र ती घडी विसरलेलो नाही. माणूस गेला तरी मशीनने त्याला सरळ होऊ दिलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

आणि तरी मी काय केलं? शिलाईमशीन टाळलं आणि संगणकासमोर बसलो. तीस वर्षं हिशेब लिहितो आहे. आधी जाड वह्यांत, मग पडद्यावर. घरी आलो की हातात फोन. डोळे पुढे, मान पुढे, खांदे पुढे, दोन्ही हात पुढे. मशीन बदललं, बैठक तीच. दोन वर्षांपासून खांद्यांच्या मधे, उजव्या पात्याच्या आतल्या कडेला, संध्याकाळी खिळा ठोकल्यासारखं दुखत होतं. मलम लावायचं, गरम पाण्याची पिशवी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन बसायचं.

निकाहासाठी भाई आला. भाई म्हणजे आमचा थोरला. वय ६१. मी ५४ चा. स्टेशनवर त्याला आणायला गेलो, तर रिक्षावाल्याने सामान उचलताना मला विचारलं, "चाचा, हे तुमचे धाकटे बंधू का?" भाई त्यावर जो हसला, तो घरापर्यंत हसत राहिला.

भाई १९८९ साली दुबईला गेला. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात असायचा, त्यात नवल नव्हतं. नवल होतं त्याच्या कामाचं. एका कंत्राटदाराने त्याला गोल्फच्या मैदानावर गवताला पाणी मारायला लावलं. अम्मीला कुणी विचारलं तर ती सांगायची, "भाई गल्फमध्ये गोल्फवर आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारी एकच शब्द दोनदा बोलतेय. तो गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, दुबईत एमिरेट्स गोल्फ क्लब सुरू झाला होता. आखाती मुलुखातलं मोठ्या स्पर्धांच्या तोडीचं ते पहिलं पूर्ण गवताचं मैदान. त्याआधी तिकडे लोक तेल मिसळून घट्ट केलेल्या वाळूवर खेळत. पुढे अशी मैदानं वाढली आणि भाई अशाच एका ठिकाणी पाणी मारणाऱ्यापासून गवत राखणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. संध्याकाळी साहेब लोक गेले की कामगारांना जुनी काठी आणि चेंडू मिळत. भाई खेळायला लागला. साहेबांना शिकवणारा प्रशिक्षक त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, तो भाई गवतात गुडघे टेकून बघायचा आणि रात्री खोलीवर येऊन करायचा. तीस-बत्तीस वर्षं.

मी त्याला म्हटलं, "भाई, हा श्रीमंतांचा खेळ. आपल्याला काय त्याचं?"

तो म्हणाला, "अली शेरचं नाव ऐकलंयस?"

ऐकलं नव्हतं. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा होता. त्याने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. त्याच्याआधी कुणा भारतीय व्यावसायिक खेळाडूला ती जिंकता आली नव्हती. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकणाऱ्या चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखायचे. हा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जाणारा. "मैदान साहेबांचं असतं," भाई म्हणाला, "पाठ ज्याची त्याची असते." आपल्याकडे पुण्याला येरवड्याजवळ आणि मुंबईत चेंबूरला गोल्फची जुनी मैदानं आहेत. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळून आला. रत्नागिरीत मी तरी गोल्फचं मैदान पाहिलेलं नाही. आमच्याकडे सडा आहे, जांभा दगड आहे. चेंडू मारला तर परत आपल्याच कपाळावर यायचा.

निकाहाची गडबड आटपली. भाई कायमचाच परत आला होता. एका सकाळी मी खुर्चीवर चहा पीत बसलो होतो. भाई समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "असाच बस. पोक काढून, जसा बसतोस तसा. आता हात छातीवर फुलीसारखे ठेव आणि उजवीकडे वळ. कुठपर्यंत दिसतं?"

मी वळलो. खिडकीपर्यंत दिसलं.

"आता सरळ बस. डोकं वर, छतातून कुणी दोरीने ओढतंय असं. आता वळ."

खिडकी मागे पडली. दार दिसलं, दारामागचं कपाट दिसलं. वाचणाऱ्यांनी इथे थांबून हे करून बघावं. मी सांगून पटणार नाही, करून पटेल.

भाईने समजावलं ते असं. पाठीच्या वरच्या भागात बारा मणके आहेत, त्यांनाच बरगड्या जोडलेल्या. खाली कमरेत पाच. कमरेचे मणके पुढे-मागे वाकायला चांगले, पण पीळ देण्याचं काम त्यांचं फारसं नाही. पीळ द्यायचा तो वरच्या बारांनी आणि खुब्यांनी. गोल्फमध्ये माणूस पाय रोवून उभा राहतो, खुब्यातून वाकतो, छाती मागे वळवतो आणि मग सगळा पीळ एका क्षणात उलटा सोडतो. वरची पाठ गोल आणि ताठरलेली असली की ती वळत नाही. पण चेंडू तर मारायचाच असतो, मग वळण कमरेला द्यावं लागतं. म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांच्या दुखण्यांत कमरेचं दुखणं पुढे असतं. टायगर वूड्सच्या कमरेवर तर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये मणके जोडावे लागले. त्यानंतर २०१९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने मास्टर्स पुन्हा जिंकली. "तू चेंडू मारत नाहीस," भाई म्हणाला, "पण रिक्षा मागे घेताना मागे बघतोसच ना? नमाजच्या शेवटी सलाम फेरतोसच ना? वळायचं सगळ्यांनाच असतं."

मी म्हटलं, "मग छाती पुढे काढून बसत जाईन."

"किती वेळ?"

मी घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटांनी मी पुन्हा जसाच्या तसा.

इथेच आपण सगळे फसतो. 'ताठ बस' हा हुकूम आपण पोरांना आयुष्यभर देतो, जणू ती नुसती आठवणीची बाब आहे. ती आठवणीची नसते, दमाची असते. छातीचे स्नायू वर्षानुवर्षं आखडून बसलेले असतात आणि खांद्यांच्या पात्यांमधले स्नायू ताणून ताणून थकलेले. त्यांच्यात दम नसेल तर मनाने कितीही ठरवलं तरी खांदे पुढे येणारच. म्हणून आधी आखडलेलं मोकळं करायचं आणि मग थकलेल्याला ताकद द्यायची. क्रम हाच.

भाईने मला जे लावून दिलं ते इथे लिहितो. यातल्या एकालाही मैदान लागत नाही.

पहिलं टॉवेलचं. मोठ्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची, ती आडवी ठेवून त्यावर उताणं पडायचं. गुंडाळी पात्यांच्या खालच्या टोकाशी हवी, कमरेखाली अजिबात नको. हात डोक्यामागे, गुडघे दुमडलेले. श्वास सोडत पाठ हळूच गुंडाळीवरून मागे झुकू द्यायची. पाच-सहा वेळा झालं की गुंडाळी दोन बोटं वर सरकवायची. पहिल्या दिवशी माझ्या पाठीतून सुक्या काटक्या मोडल्यासारखे आवाज आले.

दुसरं कुशीवर पडून. गुडघे छातीकडे घेऊन दुमडायचे, दोन्ही हात समोर जोडलेले. वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा उघडत मागे न्यायचा, नजर हाताबरोबर. गुडघे एकमेकांवरून हलता कामा नयेत. ते हलले की कमर वळली, पाठ नाही. दोन्ही कुशींवर आठ-आठ वेळा.

तिसरं भिंतीचं. पाठ, डोकं आणि कंबर भिंतीला. कोपर दुमडून हात भिंतीला टेकवायचे आणि टेकवलेलेच वर सरकवायचे, खाली आणायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो. माझी मनगटं महिनाभर भिंतीला टेकलीच नाहीत.

चौथं ओढण्याचं, आणि हेच मुख्य. भाईने दुबईहून रबरी पट्टा आणला होता. तो खिडकीच्या गजाला बांधला. दोन्ही टोकं धरून कोपर मागे ओढायचे, पाती एकमेकांजवळ आणायची, दोन आकडे मोजेपर्यंत थांबायचं आणि सावकाश सोडायचं. खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. बारा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे. मग तोच पट्टा चेहऱ्याकडे ओढायचा, कोपर खांद्यांच्या उंचीवर ठेवून. आठवड्यातून तीन दिवस पुरे. रोज केलं तर स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही.

पाचवं बादलीचं. एका हातात पाण्याची भरलेली बादली घेऊन खळ्यात चालायचं आणि दुसऱ्या बाजूला कलायचं नाही. मग हात बदलायचा. कितीही साधं असलं तरी संपूर्ण पाठ कामाला लागते.

ओढण्याच्या व्यायामाने मला जुनं काही आठवलं. अम्मी रोज विहिरीवरून पाणी काढायची. पोहरा सोडायचा आणि हातावर हात टाकत ओढायचा. मग कळशी डोक्यावर. तिची पाठ सत्तरीतही सरळ होती. भाट्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे दोन रांगांत दोर धरून मागे मागे सरकत. त्यांच्या पाठी मला अजून आठवतात. आणि शेजारच्या आळीतल्या तालमीत पोरं मुद्गल फिरवायची, खांद्यावरून पाठीमागे घालून गोल. हेच मुद्गल गोऱ्यांनी इथे पाहिले आणि 'इंडियन क्लब' म्हणून मायदेशी नेले. १९०४ च्या आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर ते फिरवण्याची स्पर्धाच होती. जुने दिवस फार चांगले होते असं मला म्हणायचं नाही. विहीर ओढून अम्मीच्या हाताला घट्टे पडायचे आणि नळ आला त्या दिवशी ती रडली होती. पण आमच्या घरात ओढण्याची कामं एकेक करून गेली आणि पुढे झुकून करायची तेवढी उरली, हे खरं. गेलेल्या ओढण्याच्या जागी आता तो रबरी पट्टा आहे.

सहावी गोष्ट काठीची. तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आंबे काढायच्या घळीचा एक मोडका बांबू पडवीत होता. भाईने तो माझ्या पाठीवर उभा धरला. डोक्याचा मागचा भाग, पात्यांची मधली जागा आणि माकडहाड, अशा तीन ठिकाणी काठी टेकली पाहिजे. आता खुब्यातून वाकायचं, गुडघे किंचित सैल, आणि तिन्हींपैकी एकही जागा काठीपासून सुटता कामा नये. गोल्फ खेळणारा चेंडूपुढे उभा राहतो तो असा. मी वाकलो. आधी डोकं सुटलं, मग माकडहाड. काठी पोकाच्या टोकावर सी-सॉसारखी डुलत राहिली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

भाई म्हणाला, "तू रुकूत असाच वाकतोस. परवा मशिदीत मी मागच्या सफमध्ये होतो. बघत होतो."

मला राग आला. नमाजमध्ये दुसऱ्याची पाठ बघतोस, तुझं लक्ष कुठे असतं, असं काहीतरी बोललो. पण रात्री झोप लागेना. कारण मला आमचे उस्ताद आठवले. लहानपणी असरनंतर अरबी शिकवायला यायचे. रुकू शिकवताना ते एकेका पोराच्या पाठीवर त्याचीच पाटी ठेवायचे. पाटी घसरली की टाळूवर टिचकी. ते सांगायचे की रसूलुल्लाह रुकूत पाठ अशी सपाट ठेवत की तिच्यावर पाणी ओतलं तर ते ठरून राहिलं असतं, अशी रिवायत आहे. डोकं ना वर उचललेलं, ना खाली पडलेलं. सात-आठ वर्षांचे आम्ही, आमच्या पाट्या ठरायच्या. पुढे केव्हातरी माझ्या पाठीवरून ती पाटी घसरली आणि मला कळलंही नाही. दिवसाला पाच वेळा मी वाकत होतो आणि पाचही वेळा चुकीचा वाकत होतो. कंबर तिथेच, पाठ गोल, मान लोंबती.

'नमाज म्हणजे उत्तम व्यायाम' असे निरोप फोनवर फिरत असतात. मला ते आवडत नाहीत. नमाज नमाजसाठी असते, पाठीसाठी नाही. आणि मी त्याचा चालताबोलता पुरावा होतो. चाळीस वर्षं नमाज पढूनही माझ्या पाठीला पोक आलंच. नमाजने माझी पाठ सरळ केली नाही. पाठ सरळ करायला लागलो तेव्हा मात्र रुकू सुधारला. या दोन वाक्यांत फरक आहे आणि तो राहू द्यावा.

पण त्या काठीने एक गाठ सोडवली. आम्हाला लहानपणापासून झुकायला शिकवलं. मोठ्यांसमोर मान खाली. रस्त्याने चालताना मान खाली. ताठ चालणाऱ्या पोराला आमच्याकडे दोन्हीकडून ऐकावं लागतं. घरचे म्हणतात गर्व आला, बाहेरचे म्हणतात माज आला. त्यामुळे वाकलेली पाठ म्हणजे नम्रता असं कुठेतरी मनात बसलं. खरं तर रुकूतली पाठ सरळ असते. माणूस खुब्यातून, स्वतःच्या इच्छेने वाकतो आणि परत उभा राहतो. पोक काढलेला माणूस वाकत नाही, तो वाकलेला असतो. त्याला परत उभं राहता येत नाही.

आता घरातली गोष्ट. महिनाभर माझा टॉवेल, पट्टा, बादली हे चाललेलं बायको बघत होती. एकदा रात्री इशानंतर भांडी आवरून आली आणि म्हणाली, "तुमच्या पाठीचं माप घ्यायला शिंपी तरी आहे. माझ्या पाठीचं कुणी घेतलंय का?"

मी गप्प. विळीवर बसून कापणं, खाली बसून भाकऱ्या, तीन बाळंतपणं, वाकून झाडू. तिच्या मानेखाली उंचवटा आलेला मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता, कारण तो ओढणीखाली असतो. आणि पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होतात, त्यातून मणके दबून पोक येतं, ही वेगळीच भीती. म्हणून तिला आधी डॉक्टरांकडे नेलं. हाडांची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की पुढे गोल वाकून वजन उचलायचं नाही, झटका देऊन वळायचं नाही, बाकी ओढण्याचे व्यायाम हळूहळू करा. आता रात्री पट्टा आधी तिचा, मग माझा. ती माझ्यापेक्षा चांगलं करते. तिची मनगटं पंधरा दिवसांतच भिंतीला टेकली. एकदा जावेला दाखवत होती, मग जावेच्या बहिणीला. आता शुक्रवारी दुपारी आमच्या माजघरात चार-पाच बायका कुशीवर पडून पुस्तकाची पानं उलटत असतात आणि मला पडवीत बसावं लागतं.

वाचणाऱ्यांसाठी हेच इथेही लिहितो. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर टॉवेल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. स्नायू कामाला लागल्याचं दुखणं आणि टोचणारं दुखणं यांतला फरक आपल्याला कळतो, फक्त तो मान्य करायचा असतो.

दहा महिने झाले. पात्याच्या कडेचा खिळा पहिल्या सहा आठवड्यांत ढिला झाला. आता महिन्यातून एखादे दिवशी, हिशेबाच्या तारखा आल्या की डोकं वर काढतो. तेव्हा उठतो, भिंतीशी जातो. कचेरीत पडदा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून डोळ्यांच्या उंचीला आणला आहे. दर अर्ध्या तासाने उभा राहतो. सहकारी हसले. आता त्यांतल्या दोघांचे पडदेही वर गेले आहेत.

ईदसाठी कुर्ता शिवायला पुन्हा दुकानात गेलो. मित्र दुसऱ्या गिऱ्हाईकात होता. मी फळीवर बसलो. कोपऱ्यात अब्बांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा अजून आहे, त्याने टाकलेला नाही. सहज एक काढली. गिऱ्हाईकांच्या नावांमध्ये एका पानावर अब्बांच्या अक्षरात नुसतं 'खुद' लिहिलेलं होतं. स्वतःच्या सदऱ्याचं माप. पाठ अर्धा जास्त. चार वर्षांनंतरच्या वहीत पुन्हा 'खुद'. पाठ पाऊण जास्त. मग एक. शेवटच्या वहीत दीड.

म्हणजे अब्बांना ठाऊक होतं. दर ईदला ते स्वतःची पाठ मोजत होते, हिशेब लिहीत होते आणि त्याप्रमाणे कापड वाढवत होते. त्यांचे सदरे शेवटपर्यंत फिट बसायचे. मला कधी वाटलंच नाही की त्यांना काही त्रास असेल. कापड वाढवण्यापलीकडे काही करता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी चार पोरांच्या फीमधून त्यांना भिंतीशी उभं राहायला वेळ कुठला.

मित्र मोकळा झाला. टेप काढली. पुढची लांबी, पाठीची लांबी. पुन्हा एकदा पाठीची. वहीत लिहिलं. मी उलटं वाचलं : 'पाठ अर्धा जास्त.'

पाव इंच कमी. त्यातलं पाठीचं किती आणि त्या दिवशी मी अवसान आणून उभा राहिलो त्याचं किती, ते अल्लाह जाणे. मित्राने मागच्या वर्षीचं पान उलटून बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"काय करतोस रे हल्ली?" त्याने विचारलं. तो स्टुलावर बसला होता. मान पुढे, खांदे पुढे.

मी म्हटलं, "दुकान किती वाजता बंद करतोस? घरी ये. एक पट्टा आहे."